तीन ठोके

१७ ऑक्टोबर

आजही कोणी वर आलं नाही. सलग अकरावा दिवस. चार वर्षं झाली, कळप येत नाही; एखाददुसरा यायचा, आता तोही नाही.

पाहुणे बत्तीस होते, कुठल्याशा गावच्या ज्येष्ठ मंडळाचे, म्हणजे माझ्याच वयाचे. काझुनारीनं होडी विहारासमोरच्या पाण्यात आणून इंजिन बंद केलं. मी नेहमीसारखा उभा राहिलो, दांडकं कपाळाला लावलं आणि होडीच्या काठावर तीन ठोके दिले. पहिला सावकाश, दुसरा तसाच, मग एक श्वास थांबून तिसरा. तारलीचे तुकडे टाकले. ते पांढरे दिसत दिसत खाली गेले आणि दिसेनासे झाले. बत्तीस माणसं एका बाजूला वाकल्यामुळे होडी कलली, तेवढंच काय ते घडलं.

"काय हो आजोबा," जांभळ्या टोपीतली एक बाई म्हणाली, "मासेसुद्धा पेन्शनीत निघाले वाटतं!"

सगळे हसले. मीही हसलो. काझुनारी कर्ण्यावरून ठरलेलं बोलत राहिला. आद्यगुरू जन्मले त्या दिवशी याच पाण्यावर तांबडे मासे उड्या मारत वर आले. तेव्हापासून सातशे वर्षं कोउराच्या खाडीत ना गळ पडला ना जाळं. कोउराचं माणूस हा मासा खात नाही, लग्नातसुद्धा नाही. मेलेला सापडला तर पांढऱ्या फडक्यात गुंडाळून विहाराच्या मागे पुरतात, सूत्र म्हणतात. शेवटची वाक्यं त्यानं फार घाईनं उरकली. माझा मुलगा एक्कावन्न वर्षांचा आहे, होडी मंडळाचा प्रमुख आहे, पण लाज वाटली की लहानपणीसारखाच भरभर बोलतो.

घरी येऊन ही नवी वही काढली. चौथीत आम्हाला ओगुरी बाई होत्या. त्या म्हणायच्या, "तोकुजिरो, कविता करायचीय ना? मग आधी बघ. मोज. मग लिही. आणि दिसलं त्याहून एक अक्षरही जास्त सुंदर करू नकोस." सत्तर वर्षं झाली. माझी शाळा नववीपर्यंतच, पुढे होडी. पण पाठ्यपुस्तकातल्या कविता अजून येतात, पानावरच्या चित्रांसकट.

रिकामं पाणी.
तीनदा विचारलं,
तीनदा तेच.

शेवटचं 'तेच' बाईंनी खोडायला लावलं असतं.

३ नोव्हेंबर

विहारात बैठक झाली. भंते गेन्शो आपले चौतीस वर्षांचे, आवाज गोड, पण नोटीस वाचताना पाणी मागितलं. एप्रिलमध्ये तज्ज्ञांची समिती येणार. खाडीला सरकारी संरक्षण आहे ते वर येणाऱ्या माशांसाठी. मासेच नसतील तर संरक्षण कशाचं? ते उठलं की पलीकडच्या नेमोतोच्या बोटी जाळी घेऊन आत येतील आणि वर्षभरात विहारासमोर मासे वाढवायचे पिंजरे लागतील. हे नोटिशीत लिहिलेलं नाही. पण सगळ्यांना माहीत आहे.

उमेकिची माझ्या शेजारी बसला होता. आम्ही एका बाकावर शिकलो, एका होडीवर चाळीस वर्षं काढली. तो उठून म्हणाला, "पाणी तापलंय. तळाचं शेवाळ गेलं. मासे शहाणे, ते उत्तरेला गेले. आपण इथं बसून नोटिसा वाचतोय."

"मग समितीला काय दाखवायचं?" आठवणवस्तूंच्या दुकानाचा मालक ओरडला. "तुझं टक्कल?"

"दाखव की. संध्याकाळच्या उन्हात तेही तांबडं दिसतं."

हशा झाला. हसणं ओसरलं. तेव्हा काझुनारी उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मासे येतील. बाबा, तुम्ही फक्त ठोकत राहा."

मला भरून आलं. हा मुलगा विहारात हात जोडतानाही घड्याळ बघणारा. त्याच्यात ही श्रद्धा कुठून आली? त्याच्या आईकडून आली असणार.

२२ नोव्हेंबर

वारा, होड्या बंद. आठवणीत दिवस गेला.

हात्सुए नेमोतोची. तिच्या माहेरी लग्नात अख्खा तांबडा मासा भाजून ताटात, शेपूट वर वळवलेली. आमच्या लग्नात तिच्यासमोर आला तो विहारातला लाकडी मासा. दीडशे वर्षं कोउराच्या प्रत्येक लग्नात तोच ताटात येतो आणि धुऊनपुसून परत जातो. तिनं जेवायच्या काडीनं त्याला टोचून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, "हा शिजलेला नाहीये." साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नंतर ती या खाडीवर माझ्यापेक्षा जास्त जीव लावून बसली. गेली त्याला आता सहा वर्षं होतील.

आणि 'बाई' आठवली. ओगुरी बाई नव्हेत, मासा. कपाळावर टेंगूळ, शेपटीच्या वरच्या टोकाला खाच, पाठीवर निळे ठिपके अगदी स्वच्छ. वीस-बावीस वर्षं ओळखतो. बाकीचे पहिल्या-दुसऱ्या ठोक्याला यायचे. ही तिसऱ्या ठोक्यानंतर, सगळ्यांच्या खालून, सावकाश. वर्गात घंटा झाल्यावर ओगुरी बाई यायच्या तशी. म्हणून नाव ठेवलं. चार वर्षांत दिसलेली नाही.

१२ डिसेंबर

काझुनारी या आठवड्यात दोनदा पहाटे ट्रक घेऊन बाहेर होता. आज मी तोंड धूत होतो तेव्हा परत आला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, ओठ निळे पडलेले.

"कुठं गेला होतास?"

"बर्फ आणायला."

"डिसेंबरात?"

"बाबा, चहा घेतलात का?"

सून मियोको मागच्या अंगणात ताडपत्री धूत होती. हात लाल झाले होते. मी म्हटलं, मी धुतो. तर "नको बाबा, वास येतो," म्हणून पाठ फिरवली. दोघांचं काहीतरी बिनसलंय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की अशी एखादी थंडी येतेच, आमच्यातही आली होती.

ट्रकवर पाण्यात हवा सोडायचं यंत्र होतं. विहाराच्या तळ्यातल्या कासवांसाठी असणार. न सांगता करतो. मी विचारलं नाही, पुण्य विचारून कमी करू नये.

१९ डिसेंबर

आले! आले! आले!

सकाळी नऊची फेरी, फक्त सात पाहुणे. मी दांडकं कपाळाला लावलं, पहिला ठोका दिला, आणि पाणी उकळायला लागलं. चाळीस तरी असतील. पन्नास. होडीला धडका देत होते, तोंडं उघडून, पाठी पाण्याबाहेर काढून. दुसरा, तिसरा ठोका कसा दिला ते आठवत नाही. मी रडलो. पाहुण्यांतली एक लहान मुलगी म्हणाली, "आई, आजोबा रडतायत," आणि तिच्या आईनं मला रुमाल दिला, तो परत करायचा राहिला.

रंग जरा काळसर आहे. चार वर्षं कुठल्या उन्हात भटकून आले कोण जाणे.

घरची वाट
विसरले नव्हते;
उन्हानं रापून आले.

'बाई' त्यांच्यात नव्हती. म्हातारी आहे, मागून येईल.

धक्क्यावर उमेकिची जाळीदार खुर्चीत बसून सगळं बघत होता. मी हात हलवला. तो जवळ आला आणि एवढंच म्हणाला, "फार लवकर आले रे."

"चार वर्षांनी आले, आणि लवकर?"

"ठोक्याच्या आधी म्हणतोय. काझूनं इंजिन बंद केलं तेव्हाच पाणी हललं. मी बघितलं."

भूक लागली असेल, म्हटलं. तो थुंकला आणि गेला. काही माणसांना सुख सोसत नाही.

८ जानेवारी

नव्या वर्षाची गर्दी अजून ओसरलेली नाही. टीव्हीवाले आले, माझा हात दाखवला, दांडकं दाखवलं. बसस्थानकावर 'कोउराचे मासे परतले' असा फलक लागलाय. काझुनारी त्याच्या खालून जाताना मान खाली घालतो. इतका विनय बरा नव्हे, आपण प्रमुख आहोत.

आज एक मेलेला तरंगत आला. विहारात नेला. भंतेंनी सूत्र म्हटलं, मी नोंदवहीत लिहिलं: दोनशे सातवा. पुरण्याआधी बाकावर ठेवून रंगीत पेन्सिलींनी चित्र काढलं, बाई म्हणायच्या तसं, मोजून. पाठ जवळजवळ काळी. शेपटीचं टोक पायपुसण्यासारखं झिजलेलं. आणि एक नवल: नाकपुडी दोन्ही बाजूंना एकेकच, लांबट. आपल्या माशांना प्रत्येक बाजूला दोन दोन असतात, पुढे बारीक, मागे मोठी. मी चाळीस वर्षांपूर्वीच्या वहीतलं चित्र काढून ताडून पाहिलं. तिथं दोन आहेत.

संध्याकाळी काझुनारीला सांगितलं. तो भात खात होता. जेवायच्या काड्या हातात तशाच राहिल्या.

"बाबा, मेलेल्याचं एवढं काय बघायचं?"

"जिवंत असताना थांबतो का तो?"

"पुरा आणि मोकळे व्हा. लोक काय म्हणतील, म्हातारा माशांची नाकं मोजतो."

मियोको उठून आत गेली. सुपाची वाटी तशीच.

लांबच्या प्रवासात, गर्दीत, कशाकशाला घासून हे झालं असेल. दोनाची एक झाली. दुःखानं माणसाचंही रूप बदलतंच की.

३० जानेवारी

या महिन्यात आणखी अकरा गेले. सगळ्यांची चित्रं काढली. अकरापैकी नऊ जणांना नाकपुडी एक.

उमेकिचीला वही दाखवायला नेली. तो खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाखाली उबेला पाय घालून संत्री सोलत होता. पानं उलटत गेला, उलटत गेला. मग म्हणाला, "तोकू, तुझ्या माशांना शाळेत घातलंय का?"

"म्हणजे?"

"सगळे एकाच मापाचे. एकाच गणवेशात. आमच्या वेळी खाडीत बोटाएवढं पोर पण असायचं आणि उशीएवढी आजी पण. ही तर एकच इयत्ता दिसतेय."

"बरोबर जन्मले असतील."

"हो. कुठं?"

मला त्याचा सूर आवडला नाही. म्हटलं, तुझा मुलगा शहरात जाऊन बसला, माझा इथं राहून होड्या चालवतो, ते तुला खुपतंय. त्यानं हातातलं संत्रं पूर्ण सोललं. मग सोललेलं संत्रं माझ्या हातात ठेवलं. "घे. आणि घरी जाऊन वही जाळ."

मी संत्रं तिथंच ठेवून आलो. पुन्हा त्याच्याकडे जाणार नाही.

२ मार्च

रंगीत पेन्सिलींचा डबा सापडत नव्हता. मियोकोनं तांदळाच्या पिंपामागे ठेवला होता. "पसारा नको म्हणून," म्हणाली. तांदळाच्या पिंपामागे कोण पसारा आवरतं? वयानं तीही विसरायला लागली, बिचारी.

१६ एप्रिल

आज समितीचा दिवस, आणि माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक.

चौघे आले. तिघं पुरुष होडीत बसले, मासे वर आले, त्यांनी फोटो काढले, माना डोलावल्या. चौथ्या सेरिझावा बाई, पस्तिशीच्या असतील, बोलायला मऊ. त्या माशांकडे पाहत राहिल्या, फोटो काढला नाही. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "आजोबा, मेलेल्या माशांची नोंद तुम्ही ठेवता असं ऐकलं."

म्हटलं, नोंद विहारात, चित्रं माझ्याकडे. घरी बोलावलं. चाळीस वर्षांच्या सगळ्या वह्या चटईवर मांडल्या. त्या गुडघ्यांवर बसून एकेक पान बघत होत्या. माझ्या कविताही वाचल्या. रापून आलेली त्यांनी दोनदा वाचली. एवढ्या आदरानं माझं लिखाण ओगुरी बाईंनंतर कोणी वाचलेलं नाही.

काझुनारी चहा घेऊन आला तो दारातच उभा. "बाबा, मॅडमना उशीर होत असेल."

"नाही हो," त्या म्हणाल्या. मग मला: "ही या वर्षीची चित्रं, मासा समोर ठेवूनच काढलीत?"

"खवला न् खवला."

"नाकपुड्या? अंदाजानं तर नाही?"

"बाई," मी म्हटलं, "मी अंदाजानं काही काढत नाही. तसं शिकवलंच नाही मला."

त्यांनी वही मिटली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले. "पानांचे फोटो घेऊ का? तुम्ही नाही म्हणालात तर घेणार नाही." मी हसलो, घ्या की, अहो घ्या. काझुनारीच्या हातातले पेले किणकिणत होते. बाईंनी बावीस फोटो घेतले. निघताना माझ्यापुढे इतक्या खाली वाकल्या की केस चटईला लागले. म्हणाल्या, "चित्रं फार खरी आहेत, आजोबा."

आनंदानं जेवण गेलं नाही. काझुनारीही जेवला नाही.

२८ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण बघितलं ते लिहायचं असं ठरलं आहे.

समितीचं पत्र आलं. काझुनारीनं मला समुद्राकडच्या खोलीत बसवलं आणि वाचून दाखवलं. मला कळलं नाही. त्यानं पुन्हा वाचलं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"पिंजऱ्यातले मासे आहेत, बाबा. दक्षिणेच्या एका मत्स्यशेतीतून आणले. हौदात जन्मलेल्यांच्या नाकपुड्या जोडलेल्याच राहतात. उथळ पिंजऱ्यात ऊन लागून पाठ काळी होते, जाळीला घासून शेपटी झिजते. तुम्ही सगळं लिहिलंय. कवितेतसुद्धा."

"कशासाठी वाढवतात त्यांना?"

त्यानं पत्राची घडी घातली.

"कशासाठी, काझू?"

"लग्नाच्या ताटासाठी."

लाकडी मासा डोळ्यांपुढे आला. हात्सुए आली. मी विचारलं, कोणाकोणाला माहीत होतं. तो म्हणाला, मियोकोला, दुकानदाराला, होडीवरच्या दोघांना. उमेकाकांनी ओळखलं, पण तोंड उघडलं नाही. भंतेंनी विचारलं नाही. म्हणजे गावात मी एकटाच पाहुणा होतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नऊ वाजता धक्क्यावर यायचात, अकरा अकरा दिवस रिकाम्या पाण्यावर ठोकून घरी जायचात आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचात. आई गेल्यावर झोपायचात तसे. मला संरक्षण वाचवायचं होतं, होड्या वाचवायच्या होत्या, खरंय. पण पहिला ट्रक मी त्यासाठी नाही आणला."

मी काही बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "सातशे वर्षांत असं कोणी केलं नाही."

तेव्हा तो उठला. त्याचा आवाज फाटला. "एक टिंब, बाबा! प्रत्येक चित्रात एक टिंब जास्त काढलं असतं तर काय बिघडलं असतं? कवी ना तुम्ही?"

१० मे

सरकारी माणूस येऊन गेला. पिंजऱ्यातल्या माशांबरोबर रोग येतात, म्हणून सगळे बाहेर काढायचे आणि जाळायचे. पुरायचे नाहीत. काढायचे आपल्या मंडळानंच, नेमोतोकडून जाळं घेऊन. कोउरात जाळं नाही.

भंतेंना विचारलं, वहीतल्या त्या वीस-बावीस नोंदी खोडायच्या का. ते म्हणाले, "आजोबा, त्यांच्यावर सूत्र म्हटलं गेलंय. ते परत कसं घेणार?" मग हळूच, "मी विचारायला हवं होतं. मला उत्तर नको होतं."

संध्याकाळी काझुनारी आला. त्या दिवसानंतर आम्ही जेवणापुरतं बोलतो. तो दारात उभा राहून म्हणाला, "मासे पसरलेत. असंच काढायचं तर तळापासून सगळी खाडी खरवडावी लागेल. राहिलेलं शेवाळ जाईल, असतील नसतील ते सगळे जीव जातील. एका जागी गोळा झाले तर एकदाच जाळं टाकून भागेल."

"मग?"

"ते ठोक्याला गोळा होतात."

मी समुद्राकडची खिडकी लावून घेतली.

"दुसऱ्या कोणाला सांग."

"दुसऱ्या कोणाला येत नाही, बाबा. तुम्ही शिकवलंच नाहीत."

खरं आहे. तो शिकायला तयार नव्हता आणि मी शिकवायला घाई केली नाही.

१३ मे

सकाळी शांत समुद्र. नेमोतोची माणसं जाळं घेऊन आली, धक्क्यावर पाय ठेवताना टोप्या काढल्या. त्यातला एक म्हातारा माझ्यापुढे येऊन म्हणाला, "माझा बाप या खाडीच्या तोंडाशी आला की बोटीचं इंजिन बंद करायचा. आज मला आत आणलंत तुम्ही." टोमणा होता की दुःख, कळलं नाही. मी मान खाली घातली.

उमेकिचीही आला. न बोलावता होडीत चढला, माझ्या शेजारी बसला. चार महिन्यांनी. मी म्हटलं, संत्र्याचा हंगाम गेला. तो म्हणाला, "गप बस."

जाळं आधीच खाली सोडून ठेवलं होतं, होडीभोवती, पाताळापर्यंत. दोन्ही बाजूंना जाळं वर ओढायच्या याऱ्या बसवलेल्या बोटी. मी उभा राहिलो. दांडकं कपाळाला लावलं. क्षमा मागावी असं मनात होतं. पहिला ठोका दिला.

आले सगळे. काळ्या पाठी, उघडी तोंडं. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना भिऊन राहायला.

"बास, बाबा," काझुनारी मागून म्हणाला. "पुरे. आले सगळे."

पुरे होतं. मलाही दिसत होतं. पण हातानं दुसरा ठोका दिला. साठ वर्षांत हा हात एकावर थांबलेला नाही, बापाचा थांबला नाही, त्याच्या बापाचा नाही. एक श्वास थांबलो. तिसरा दिला.

काझुनारीनं हात खाली केला, याऱ्या सुरू झाल्या. आणि त्या उकळत्या काळ्या पाण्याच्या खाली, फार खाली, मला काहीतरी तांबडं दिसलं. सावकाश वर येत होतं.

"थांबवा!" मी ओरडलो. "बाई आहे! अरे, थांबवा!"

याऱ्यांच्या आवाजात मलाच माझं ऐकू आलं नाही. उमेकिचीनं पाहिलं, तोही ओरडला, वल्ह्यानं पत्रा बडवला. काझुनारीनं वळून पाहिलं, हात वर केला. पण जाळं तोवर पाण्याबाहेर आलं होतं, आणि ती सगळ्यांच्या खाली होती. नेहमीसारखी.

चारशेच्या वर मासे तिच्या अंगावर. काझुनारीनं कमरेइतका आत उतरून हातांनी उपसले. ती मिळाली तेव्हा कल्ला दोनदा उघडला. कपाळावर टेंगूळ. शेपटीला खाच. निळे ठिपके तसेच स्वच्छ. मी तिला समुद्राच्या पाण्यात धरून ठेवली, पाणी कल्ल्यातून जावं म्हणून पुढे-मागे फिरवली, किती वेळ ते माहीत नाही. शेवटी उमेकिचीनं माझ्या मनगटाला धरलं. "तोकू. गेली रे."

बाकीचे ट्रकात भरून नेले. तिला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून विहारात आणली. भंतेंना सूत्र म्हणवेना, दोनदा थांबले. खड्डा काझुनारीनं खणला. मी सांगितलं नव्हतं.

१४ मे

चित्र काढलं. पुरण्याआधी मोजून घेतलं होतं. कविता सुचली नाही, प्रयत्नही केला नाही.

दुपारी सेरिझावा बाईंचा फोन आला. आवाज घाईत होता. म्हणाल्या, सोमवारी समितीची शेवटची बैठक आहे. संरक्षण कायमचं उठण्याआधी एकच वाट राहिली आहे. खाडीत अजून एक जरी मूळचा मासा राहतो असं दाखवता आलं, तर आणखी पाच वर्षं मुदत मिळू शकते. त्या भांडतील म्हणाल्या. "काल सगळे वर आले तेव्हा त्यांच्यात एखादा दिसला का, आजोबा? नीट आठवा. तुमच्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे."

"दिसला," मी म्हटलं.

"खरंच?" त्या जवळजवळ ओरडल्या. "नक्की? नाकपुड्या?"

"दोन. दोन्ही बाजूंना."

"कुठं आहे तो आता?"

काझुनारी समोर बसला होता. त्याच्या नखांत अजून विहाराची माती होती.

मी म्हटलं, "विहाराच्या मागे. नोंद दोनशे अठ्ठावीस."